पायातून सुटणारे बूट

सासरा मला बूट घ्यायला टॅलोब्रुक गावात घेऊन गेला तो दुपार कलल्यावर. सकाळी बूट घ्यायचेच नाहीत, असं त्याचं म्हणणं. सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर राबून सुजला की मग खरं माप सांगतो. म्हणून त्यानं आधी मला शेडमागं लाकडं फोडायला लावली आणि घामेजल्या पायांनीच गाडीत घातलं. बायको, जोसी, मध्ये बसली. तिचा भाऊ डॅरिल मागं उघड्यावर, कुत्रीजवळ.

सासऱ्याचं नाव मर्व्ह हॅनिगन. डोंगरात कुंपणं घालायची, हाच त्या घराचा धंदा. त्या उन्हाळ्यात वणव्यानं डोंगराची पश्चिमेची अख्खी बाजू खाल्ली. पलीकडच्या मालकाचं कुंपण नदीपासून वरच्या सुळक्यापर्यंत जळून गेलं. खांब राख झाले. तार जमिनीवर लोळत पडली आणि गुरं वाटेल त्या कुरणात शिरायला लागली. काम मर्व्हला मिळालं.

मी समुद्राकाठचा. मासळीचा कारखाना बंद पडला तसं जोसी म्हणली, माझ्या घरी जाऊ. तिथं आम्हाला शेडमागची चाकावरची खोली मिळाली. खिडकी लागत नव्हती, खाली उंदीर. मर्व्हनं पहिल्याच जेवणाला सांगून टाकलं होतं.

"नदीपासून सुळक्यापर्यंतची कुंपणाची ओळ स्वतःच्या पायांनी पुरी केलीस तर ओढ्यावरचं घर तुमचं. आणि टोळीत तू तिसरा. नाही झालं तर समुद्र आहेच."

ओढ्यावरचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक चूल. जोसीचा जन्म तिथला. रोज संध्याकाळी ती कुंपणापाशी उभी राहून त्याच्या छपराकडं बघायची.

दुकानात मेव्हिस नावाची बाई होती. तिनं मला जाड मोजे दिले आणि दोन जोड समोर ठेवले. एक बिननाडीचा, घोट्यापाशी दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. दुसरा उंच, नाडीवाला.

"पाय घाल. आता त्या तिरप्या फळीवर खाली तोंड करून उभा राहा. बोटं पुढं टेकतात?"

"नाही."

"टाच उचलते?"

"नाडीवाल्यात नाही."

तिनं बुटाचा तळ दोन्ही हातांनी वाकवून दाखवला. "हा शिवलेला आहे. नुसता चिकटवलेला घेऊ नकोस. तापल्या राखेत चालला की तळ गळून पडतो. मागच्या वणव्यात एक जण अर्धा डोंगर मोज्यांवर उतरला."

मर्व्ह दारात उभा होता. आत येऊन त्यानं इलॅस्टिकवाला जोड उचलला. "हा."

मी म्हणलं, "मर्व्ह, माझा डावा घोटा बोटीच्या शिडीवरून पडून मोडलाय. उतारावर मुरगळतो. उंच बूट लागेल मला."

"कुंपणवाला नाडी घालत नाही."

"का?"

मर्व्हनं मेव्हिसकडं बघितलं. "विचारतोय का म्हणून."

मेव्हिस हसली नाही. तिनं तोंड उघडलं होतं, पण मर्व्ह बघत होता म्हणून ती दुसरीकडं वळून खोकी लावायला लागली. त्या डोंगरात हे असंच. नव्याला कोणी सांगत नाही. सांगितलेलं डोक्यात राहतं, लागलेलं पायात राहतं, असं म्हणतात. विचारणारा माणूस म्हणजे कच्चा.

जावयाचे पहिले बूट सासऱ्यानं घ्यायचे, ही त्यांच्याकडची रीत. मर्व्हनं पाकीट बाहेर काढलं होतं. मी नाडीवाल्या जोडावर हात ठेवला तसं ते परत खिशात गेलं.

"मग तुझे तूच घे," म्हणला आणि गाडीत जाऊन बसला.

जोसी माझ्या कानाशी म्हणली, "घ्यायचे होतेस ना ते. काय बिघडलं असतं?"

"घोटा बिघडला असता."

"घोट्याचं बघता येतं. त्यांचं तोंड आता महिनाभर असंच राहणार."

नवे बूट मी गुरांच्या हौदात बुडवले, ओलेच घातले आणि पायातच वाळेपर्यंत चाललो. मग मेंढीची चरबी चोळली. एवढं मला जोसीनं शिकवलं. चुलीपाशी वाळवायचे नाहीत, कातडं तडकतं, हेही तिनंच सांगितलं, तेसुद्धा बाप अंघोळीला गेल्यावर.

ओळ नदीपासून सुरू झाली. गाडी खालच्या वाटेवर सोडायची आणि वर सगळं खांद्यावरून. लोखंडी खुंट, तारेची वेटोळी, खुंट ठोकायची जड नळी, पाण्याचं भांडं. निलगिरीची झाडं काळीठिक्कर, वर पान नाही. खाली घोट्याएवढी राख, राखेत दगड, दगडांमध्ये वॉम्बॅट नावाच्या जनावराची बिळं. पाऊल टाकलं की राख उसळून नाकात जायची. दुपारपर्यंत आम्ही तिघं कोळशासारखे. थुंकलं तरी काळं.

डॅरिल रोज सकाळी गाडीच्या फळीवर बसून माझ्याकडं बघायचा.

"बाबा, जावईबापू नाडी बांधतायत. चहा ठेवू का परत?"

"ठेव. पाव पण भाज."

"आईनं शिकवलं का रे गाठ मारायला?"

"तुझ्या बहिणीनं," मी म्हणलं.

त्यावर मर्व्ह एकदा हसला. एकदाच. मग मला तारेचं जादा वेटोळं दिलं.

बूट चांगले होते, हे मला सांगायलाच पाहिजे. उतारावर घोटा एकदाही वळला नाही. टाचेला फोड आले, फुटले, त्यावर घट्टे आले. डॅरिलचं इलॅस्टिक सैल झालं होतं, त्याचा पाय दर चढाला आत घसरायचा आणि तो लंगडायचा. पण लंगडणं चालतं. नाडी चालत नाही.

मर्व्हचे बूट वेगळेच. टॅलोब्रुकला पूर्वी एक खोगीरवाला होता, त्यानं मर्व्हच्या पायावर कागद ठेवून, अंगठ्याच्या हाडाचा फुगवटा धरून ते शिवले होते. खोगीरवाला मेला. त्यानंतर मर्व्हनं दुसरे बूट घालून बघितले, सगळे त्या हाडावर घासायचे. तळ बदलून बदलून तेच चालले होते. रात्री ते त्याच्या खाटेखाली असायचे आणि कुत्रीला त्या खोलीत मज्जाव होता.

चढ वाढला तशी राख वाढली. बिननाडीच्या बुटाला वर फट असते, तिच्यातून राख आणि बारीक कोळसे आत जायचे. मग मर्व्ह आणि डॅरिल त्यांच्या जुन्या सवयीनं काळी चिकटपट्टी काढायला लागले. विजार बुटात खोचायची आणि बुटाच्या तोंडाभोवती पट्टीचे वेढे घालायचे, घट्ट. सगळे कुंपणवाले वणव्यानंतर असंच करतात.

मी बघत होतो. डोक्यात आलं ते बोलून गेलो. "मग हे बूट पटकन सुटणार कसे?"

मर्व्हचे हात थांबले. "काय म्हणलास?"

"नाडी का नको ते कळलं मला. निखारा आत गेला तर झटक्यात काढता यायला पाहिजे. पण पट्टी बांधली तर ते माझ्या बुटांसारखेच झाले की."

डॅरिलनं शीळ घातली. मर्व्ह उठला. त्यानं स्वतःच्या हातातली पहार माझ्या खांद्यावरच्या खुंटांवर टाकली.

"एवढं कळतंय तर हेही घे. शहाण्या माणसाचा खांदा रुंद असतो."

ती पहार रोज मर्व्हच्या हातात असायची. तो पुढं चालायचा आणि जुना बुंधा आला की आधी पहार टोचून बघायचा. वणवा गेला तरी बुंध्याची मुळं जमिनीत धुमसत राहतात. वर राखेची साय, खाली पोकळ, पोकळीत निखारे. पहार खचकन आत गेली की तो थुंकायचा आणि वळसा घालायचा. कशासाठी ते कधी बोलला नाही. मी बघून बघून ओळखलं होतं.

त्याच दुपारी वाटेत एक मोठा बुंधा आला. मी खूप मागं होतो, पाठीवर तार, खांद्यावर खुंट आणि पहार. मर्व्ह पुढच्या खुंटाची जागा पावलांनी मोजत होता. मोजताना तो खाली बघत नाही, समोरच्या खुणेकडं बघतो. मी हाक मारली, "मर्व्ह, थांबा, पहार माझ्याकडं आहे."

तो थांबला नाही. जावयाच्या हाकेला थांबला असता तर तो मर्व्ह कसला.

जमीन फुसकन बसली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. आवाज एवढासाच झाला, पीठ सांडल्यासारखा. तो ओरडला नाही. दोन्ही हात मागं टेकून त्यानं स्वतःच पाय वर ओढला आणि बसून राहिला. विजार पोटरीपाशी धुमसत होती. बुटाच्या तोंडाशी पट्टी वितळून चकाकत होती, आणि आतून बारीक धूर येत होता.

"ओढ," डॅरिलला म्हणला.

डॅरिलनं टाच धरली आणि ओढली. बूट हलला नाही. पट्टी इलॅस्टिकला, इलॅस्टिक विजारीला आणि विजार पायाला चिकटलेली. डॅरिलनं परत ओढलं. मर्व्हचं तोंड राखेखाली पांढरं पडलं.

मी ओझं टाकून धावलो. कमरेची तार कापायची पक्कड काढली.

मर्व्हनं बघितलं. "कापायचा नाही."

"मर्व्ह, आत निखारा आहे."

"कापायचा नाही म्हणलं ना. डॅरिल, ओढ."

डॅरिल ओढत होता. मी खाली वाकलो तसा त्यानं मला छातीत ढकललं. "बाबा म्हणले नाही तर नाही."

"अरे पाय शिजतोय त्यांचा."

"बाबा म्हणले नाही."

वास यायला लागला होता. मांस भाजल्याचा, दुसरा कसला नाही. मी डॅरिलला ढकललं. तो उतारावर मागं गेला, पडला. मी मर्व्हच्या मांडीवर त्याच्याकडं पाठ करून बसलो, बुटाच्या तोंडात पक्कड घातली आणि कापायला लागलो. चांगलं कातडं होतं. एका दाबात इंचभरसुद्धा जात नव्हतं. मर्व्ह मागून माझ्या मानेवर, पाठीवर बुक्क्या मारत होता. म्हाताऱ्याच्या बुक्क्या, पण घण धरणाऱ्या हाताच्या. मी कापत राहिलो. घोट्याखाली पोचलो आणि बूट फाकला. दोन निखारे बाहेर पडले, एक मोज्यात रुतलेला. तो मी बोटांनी काढला.

पिण्याचं सगळं पाणी पायावर ओतलं. मोजा निघाला तो कातडीसकट.

मर्व्ह पायाकडं बघत नव्हता. राखेत आडव्या झालेल्या बुटाकडं बघत होता.

डॅरिलनं आणि मी हातांची बैठक करून त्याला खाली आणलं. उतार तोच, दगड तेच, वर माणसाचं वजन. डॅरिलचा पाय बुटात घसरायचा आणि प्रत्येक धक्क्याला मर्व्हच्या तोंडातून हवा सुटायची. फाटका बूट त्यानं मांडीवर धरला होता. गाडीत बसवल्यावर म्हणला, "खुंट वर राहिलेत. उद्या मोजून घ्या. चोरीला जातात."

टॅलोब्रुकच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पाय बघितला, मग विचारलं, "बूट कोणी काढला?"

जोसीनं माझ्याकडं बोट केलं.

"आणखी थोडा वेळ आत राहिला असता तर घोट्याखालचं सगळं काढावं लागलं असतं. आता करंगळी जाईल. बाकीचा राहील. पण रोज धुवायचा, रोज नवी पट्टी. आळस केलात तर सडेल. वर्ष तरी लागेल."

मर्व्ह भिंतीकडं तोंड करून पडला होता.

ओळ थांबवता येत नव्हती, गुरं थांबत नव्हती. मी आणि डॅरिल परत वर गेलो. आता पहार माझ्याच हातात. मी पुढं, टोचत, वळसे घालत. डॅरिल माझ्या पावलावर पाऊल टाकत यायचा, पण बोलायचा नाही. नाडीची थट्टा बंद. चहासुद्धा वेगवेगळा. एकदाच, तार ताणताना, तो म्हणला, "तू मला बाबांसमोर पाडलंस."

"तुझा बाप जळत होता."

"बाबांसमोर पाडलंस," परत तेच.

वरचा भाग सगळ्यात वाईट. राख संपून नुसते सुटे दगड, पावलाखालून निसटणारे, आणि वारा. खुंट दगडात जाईना. पहारेनं भोक पाडायचं, खुंट उभा करायचा, नळीनं ठोकायचा, परत खाली जाऊन पुढचे खुंट आणायचे. माझ्या तळहातांची सालटी निघाली, त्यावर चिकटपट्टी. घोटा टिकला. शेवटचा जाड खांब सुळक्याखाली उभा केला, तार ताणली, पिळली, बोटानं वाजवून बघितली. खाली नदीपर्यंत तारेचा एक धागा चमकत गेलेला. मी डॅरिलकडं बघितलं. तो पाठ फिरवून मुतत होता.

घरी आलो तेव्हा मर्व्ह ओसरीत खुर्चीवर, पाय समोर स्टुलावर. जोसी खाली बसून मिठाच्या पाण्यात फडकं भिजवत होती. पाय लाल, पिवळा, ठिकठिकाणी काळा. करंगळीच्या जागी टाके.

"झाली ओळ," मी म्हणलं. "सुळक्यापर्यंत."

मर्व्ह डॅरिलकडं बघून म्हणला, "तार?"

"ताठ आहे, बाबा."

"खुंट?"

"एकही हलत नाही."

"बरं. ओढ्यावरचं घर साफ करून घे. डॅरिल, तू राहायला जा तिथं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जोसीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "बाबा, घर आम्हाला द्यायचं ठरलंय. ओळ त्यानं पुरी केली."

"टोळीत राहायचं तर ऐकावं लागतं. मी म्हणलं होतं कापायचा नाही."

"त्यानं तुमचा पाय वाचवला."

"पाय डॉक्टरनं राखला. यानं बूट फाडला."

"बाबा."

"उद्या वर कड्यावर असू. मी म्हणीन तार सोड, आणि हा विचार करत बसेल. डॅरिल मेला मग. मला विचार करणारा नको."

मी डॅरिलकडं वळलो. "सांग की. तू होतास तिथं. वास तुलाही आला होता."

डॅरिल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं नाक पुसलं. "बाबा म्हणले तर म्हणले."

मी खूप बोललो. शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. मर्व्ह ऐकत होता, वाऱ्याचा आवाज ऐकावा तसा. शेवटी म्हणला, "झालं? गाडी सकाळी टॅलोब्रुकला जाणारच आहे. तुला रस्त्याला सोडेल."

शेडमागं खोलीत मी पिशवी भरायला लागलो. जोसी आली, दारातच उभी राहिली. हातांना मलमाचा वास.

"तुझीही भर," मी म्हणलं.

"पाय कोण धुणार?"

"डॅरिल आहे की."

"त्याला बघवत नाही. काल नुसती पट्टी सोडली तर बाहेर जाऊन ओकला. नर्स आठवड्यातून एकदा येते."

"तुझ्या बापानं मला कुत्र्यासारखं हाकललंय, जोसी."

"माहितीय मला."

"तरी?"

"तरी पाय सडेल." ती खाली बघत होती. "तू जा पुढं. काम बघ, खोली बघ. पाय भरला की येते मी."

"डॉक्टर वर्ष म्हणला."

"मग वर्ष."

"आणि त्यानंतर दुसरं काहीतरी निघेल."

माझा एक सदरा खाली पडला होता, तो उचलून तिनं त्याची घडी केली, पिशवीत ठेवला.

सकाळी गाडी सुरू होती. डॅरिल आत बसून भोंगा वाजवत होता. मी पिशवी घेऊन ओसरीशी गेलो. मर्व्हचा पाय जोसीच्या मांडीवर होता. ती जुनी पट्टी सोडवत होती, जखमेला चिकटलेली, पाण्यानं भिजवून भिजवून, एक एक धागा. दोन्ही हात गुंतलेले.

"निघतो," मी म्हणलं.

तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण हात सोडता येत नव्हते, सोडले असते तर पट्टी ओढली गेली असती. "पोचलास की कळव," म्हणली.

मर्व्हनं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं बोट भांड्यात बुडवून बघितलं.

"जोसी," म्हणला, "पाणी गार झालं."